अद्भुताची शिस्त

कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे घर मेणाचे, ही गोष्ट मराठी घरांत कित्येक पिढ्या मुलांना सांगितली जात आहे. पक्षी माणसांसारखी घरे बांधतात, एकमेकांचे दार ठोठावतात, दार न उघडण्यासाठी सबबी सांगतात, याचे ऐकणाऱ्या मुलाला जराही आश्चर्य वाटत नाही. मात्र पाऊस येतो तेव्हा शेणाचेच घर वाहून जावे लागते. सांगणाऱ्याने चुकून मेणाचे घर वाहून गेले असे म्हटले, तर चार वर्षांचे मूलही हरकत घेते. बोलणारी चिमणी त्याने विनातक्रार स्वीकारलेली असते. पाण्यात विरघळणारे मेण स्वीकारायला मात्र ते तयार नसते. अद्भुत कथेविषयी जे काही महत्त्वाचे सांगण्यासारखे आहे, त्याचे बीज मुलाच्या या हरकतीत सापडते.

मोठ्यांच्या जगात या कथाप्रकाराकडे थोड्या तुच्छतेने पाहिले जाते. वास्तववादी कादंबरी लिहिणारा लेखक जीवनाला भिडतो आणि परग्रह, भविष्यकाळ, जादूची बेटे यांविषयी लिहिणारा लेखक जीवनापासून पळ काढतो, असे सर्रास मानले जाते. त्यामागे आणखी एक समजूत असते. वास्तवाचे बंधन नसल्यामुळे अशा लेखकाचे काम सोपे असावे, मनात येईल ते त्याने लिहावे आणि वाचकाने निमूटपणे मान्य करावे, ही ती समजूत होय. परंतु या प्रकारातील श्रेष्ठ लेखकांनी आपल्या लेखनाविषयी जे सांगून ठेवले आहे, ते वाचले तर चित्र अगदी वेगळे दिसते. कल्पनेच्या भरारीविषयी ते फारसे बोलत नाहीत. ते बोलतात नियमांविषयी, नकाशांविषयी, अंतरांच्या आणि दिवसांच्या हिशेबांविषयी.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९३३ साली आपल्या विज्ञानकादंबऱ्यांच्या एकत्रित आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी आपल्या कारागिरीचे रहस्य मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांच्या मते, कथेत अशक्य वाटणारी गोष्ट एकच असावी. ती वाचकाच्या गळी उतरवली की बाकी सारे जग नेहमीसारखेच राहिले पाहिजे. काहीही घडू शकते असे ठरले, तर कशातही गोडी उरत नाही. वेल्स यांची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ ही १८९७ सालची कादंबरी या विचाराचा उत्तम नमुना आहे. ग्रिफिन नावाचा शास्त्रज्ञ स्वतःला अदृश्य करतो. एवढीच काय ती अशक्य गोष्ट. परंतु शरीर अदृश्य झाले तरी कपडे अदृश्य होत नाहीत, म्हणून त्याला लंडनच्या कडाक्याच्या थंडीत उघड्या अंगाने हिंडावे लागते. पोटात गेलेले अन्न पचेपर्यंत बाहेरून दिसते. चिखलात पावले उमटतात, कुत्र्यांना वास येतो, अंगावर बर्फ साचेल ही धास्ती असते. पापण्याही पारदर्शक झाल्यामुळे उजेड अडवायला डोळ्यांवर पांघरूण ओढावे लागते. अदृश्य होणे म्हणजे सर्वशक्तिमान होणे, असे वाचकाला आरंभी वाटत असते. पान उलटत जाते तसा तो माणूस अधिकाधिक असहाय होत जातो. या असहायतेत कादंबरीचा खरा आशय आहे आणि तो लेखकाला नियम पाळल्यामुळेच गवसला आहे. अदृश्य माणसाचे कपडेही अदृश्य होतील अशी सवलत वेल्स यांनी घेतली असती, तर एक चोरीची गोष्ट तेवढी उरली असती.

हा विचार केवळ पाश्चात्त्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. वेताळपंचविशी आठवावी. प्रेतात शिरलेला वेताळ, त्याला खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा, सारेच अद्भुत. पण त्या दोघांतील करार किती काटेकोर आहे! उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. तो बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाणार. दोन्हीकडून कोंडी झालेल्या या राजाची कथा शतकानुशतके टिकली, ती वेताळाच्या भयानकपणामुळे नव्हे. तो नियम एकदाही शिथिल झाला असता, तर ऐकणारे केव्हाच उठून गेले असते.

आधुनिक काळात भारतीय भाषांतील अशा लेखनाचा एक आरंभ मोठा गमतीदार आहे. बंगालमध्ये ‘कुंतलीन’ नावाच्या केशतेलाच्या उत्पादकाने कथास्पर्धा सुरू केली होती. कथेत त्या तेलाचा उल्लेख असावा, पण ती जाहिरात वाटू नये, अशी अपेक्षा असे. १८९६ साली या स्पर्धेचे पारितोषिक ज्या कथेला मिळाले, तिचे लेखक होते जगदीशचंद्र बसू. कोलकात्यावर चालून येणारे वादळ अचानक नाहीसे होते. वेधशाळांना कारण सापडत नाही. पुढे कळते की, समुद्रात वादळात सापडलेल्या एका प्रवाशाने केशतेलाची बाटली लाटांवर ओतली होती. तेलामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर होणारा परिणाम हे खरे विज्ञान. एका बाटलीने वादळ थोपवणे ही मिश्किल अतिशयोक्ती. बसूंनी ही कथा पुढे सुधारून ‘अव्यक्त’ या १९२१ सालच्या आपल्या बंगाली पुस्तकात समाविष्ट केली. वनस्पतींच्या संवेदना मोजणाऱ्या या शास्त्रज्ञाला तेलाच्या बाटलीची गोष्ट पुस्तकात घेण्याचा संकोच वाटला नाही, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०५ साली, मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ या मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. तिच्या लेखिका रुकैया सखावत हुसेन. रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद गावी १८८० साली जन्मलेल्या या स्त्रीने विद्यार्थिनी म्हणून शाळेचा उंबरा कधीच ओलांडला नव्हता. घरात कडक पडदा होता. थोरल्या भावाने रात्री, घरातील माणसे झोपल्यावर, दिव्याच्या उजेडात तिला इंग्रजी शिकवले. थोरल्या बहिणीच्या आधाराने ती बंगाली शिकली. भागलपूर येथे सरकारी अधिकारी असलेले तिचे पती दौऱ्यावर गेले असता वेळ घालवण्यासाठी तिने ही कथा लिहिली, असे तिने स्वतःच पुढे सांगितले आहे. पती परतल्यावर त्यांनी ती उभ्या उभ्या वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे उद्गार काढले. त्यांच्या या उद्गारात नाराजी नव्हती. पत्नीच्या लेखनाला त्यांचे प्रोत्साहनच होते.

सूड तो कसला? कथेत एका स्त्रीला स्वप्नात असा देश दिसतो, जिथे पुरुष पडद्यात आहेत आणि स्त्रिया रस्त्यावर निर्धास्तपणे फिरतात. जनान्याच्या जागी मर्दाना. लेखिकेने केलेला बदल एवढाच. पण तो केल्यावर एकामागून एक येणारे परिणाम ती कोणतीही सूट न घेता मांडत जाते. राणीने सर्व मुलींना शिक्षण सक्तीचे केले आणि एकविसाव्या वर्षाआधी मुलीच्या विवाहास बंदी घातली. स्त्रियांची दोन विद्यापीठे निघाली. एकीने ढगांतून पाणी उतरवून घेण्याची युक्ती शोधली, दुसरीने सूर्याची उष्णता साठवण्याची. त्या वेळी देशातील पुरुष सैन्यबळ वाढवण्यात गुंतले होते आणि या संशोधनाला हसत होते. पुढे युद्धात पुरुष हरले. तेव्हा विद्यापीठाच्या प्रमुख बाईंनी दोन हजार विद्यार्थिनींसह रणभूमीवर जाऊन साठवलेले सूर्यकिरण शत्रूवर सोडले. बाहेर पडणे स्त्रियांना सुरक्षित नाही, असे पाहुणीने म्हटले असता तिला उलट प्रश्न येतो. हिंस्र पशू बाजारात शिरला, तर कोंडायचे कोणाला?

पडद्याविरुद्ध रुकैया यांनी पुढे अनेक लेख लिहिले, आणि ते आवेशपूर्ण आहेत. तरीही त्या लेखांपेक्षा ही छोटी कथा अधिक दूरवर पोहोचली. याचे कारण शोधले पाहिजे. लेखात युक्तिवाद असतो आणि युक्तिवादाला वाचक प्रतिवाद करू शकतो. कथेत लेखिकेने युक्तिवाद केलाच नाही; तिने आहे तीच व्यवस्था फक्त उलटी करून दाखवली. पुरुषांना पडद्यात ठेवण्यासाठी तेथे दिलेली कारणे वाचकाच्या ओळखीची निघतात, कारण हीच कारणे तो आजवर स्त्रियांच्या बाबतीत ऐकत आला आहे. आता ती हास्यास्पद वाटली, तर दोष कोणाला द्यायचा? वास्तववादी कथेला हे साधणे कठीण होते. पडद्यातील स्त्रीचे दुःख तिने वर्णन केले असते, वाचक हळहळला असता, आणि जग असेच आहे म्हणून पुस्तक मिटून बसला असता. जग असेच असावे लागते का, हा प्रश्न विचारण्यासाठी निराळे जग उभे करून दाखवावे लागले. पतीच्या निधनानंतर रुकैया यांनी भागलपूरला मुलींची शाळा काढली आणि १९११ साली कोलकात्यात ती अवघ्या आठ विद्यार्थिनींवर नव्याने सुरू केली.

रुकैया यांनी दहा-बारा पानांत एक देश उभा केला. हेच काम शेकडो पानांत करायचे झाले म्हणजे किती कष्ट पडतात, हे जे. आर. आर. टोल्किन यांच्या अनुभवावरून दिसते. ऑक्सफर्ड विद्यापीठात जुन्या इंग्रजी भाषेचे अध्यापन करणाऱ्या या प्राध्यापकांनी १९३९ साली परीकथांविषयी एक व्याख्यान दिले. ते १९४७ मध्ये छापून आले. हिरवा सूर्य असे दोन शब्द कोणीही जोडू शकतो, पण ज्या जगात तो हिरवा सूर्य पटण्याजोगा वाटेल असे जग रचायला श्रम आणि विचार लागतो, हे त्यांचे प्रतिपादन. त्यांनी ते शब्दशः आचरणात आणले. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीसाठी त्यांनी आधी नकाशा केला आणि कथा त्या नकाशात बसवली. एका दिवसात पात्रे किती मैल चालू शकतील, याचे हिशेब मांडले. लेखन चालू असता कथेतला चंद्र भलत्याच वेळी उगवतो आणि मावळतो आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. हे त्यांनी आपल्या मुलाला पत्राने कळवले आणि झालेल्या प्रकरणांतील तारखा दुरुस्त करण्यात पुन्हा वेळ घालवला. बुटकी माणसे, बोलणारी झाडे, जादूची अंगठी या साऱ्यांनी भरलेल्या जगात चंद्र चुकला म्हणून अस्वस्थ होणारा हा लेखक. वास्तववादी म्हणवणाऱ्या किती लेखकांनी आपल्या कादंबरीतल्या पौर्णिमा पंचांगाशी ताडून पाहिल्या असतील?

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी हा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला. त्यांच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत द्वीपसमूहाचे जग आहे आणि त्यात जादूगारांची रीतसर पाठशाळा आहे. तेथे विद्यार्थ्याला सर्वप्रथम काय शिकवले जाते? जादू शक्यतो करू नये, हे. एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर अवर्षण पडण्याचा संभव असतो. प्रत्येक कृतीची किंमत कोठेतरी मोजावी लागते. दुष्काळाच्या प्रदेशातील वाचकाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वरच्या गावाने पाणी अडवले की खालच्या गावाची विहीर आटते, हे त्याने पाहिलेले असते. ज्या कथेत जादूला किंमत नाही, त्या कथेत संकटालाही अर्थ राहत नाही. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, या कादंबरीच्या नायकाचा वर्ण लेखिकेने मुद्दाम तांबूस-तपकिरी योजला होता. अशा कथांचा नायक गोराच असला पाहिजे, ही प्रकाशनव्यवहारात रुजलेली समजूत त्यांना मान्य नव्हती. पुढे काही आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर आणि पडद्यावरील रूपांतरात तो गोरा दाखवला गेला, तेव्हा त्यांनी जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. निराळे जग रचण्याची मोकळीक असूनही जुनी समजूत सुटत नाही, याचे हे उदाहरण.

मराठीत या विषयाची गंभीर चर्चा मुख्यतः विज्ञानकथेच्या निमित्ताने झाली. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. जगताप हे टोपणनाव होते. खरे लेखक होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव योजले होते. केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाचे नाव तोवर घरोघरी पोहोचले होते. त्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, ही त्यामागची इच्छा. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातून लिहवून घेतली होती. प्रयोगात निरीक्षकाचा पूर्वग्रह मिसळू नये याची काळजी शास्त्रज्ञ जशी घेतो, तशीच ही काळजी. मासिकाला साहित्य पाठवताना आपल्या पदव्यांची यादी जोडणाऱ्यांनी या प्रसंगाचा अवश्य विचार करावा.

नारळीकरांच्या कथांपैकी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेवर थोडे थांबणे इष्ट ठरेल. तिचा इंग्रजी अवतार राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आल्यामुळे महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंतही ती पोहोचली. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर काय झाले असते, या विषयावर ते अध्यक्षीय भाषण करणार असतात. एका अपघातानंतर ते अशाच जगात जाऊन पडतात. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून गेली आहे, मराठ्यांचा विजय झाला आहे, आणि भारताचा पुढचा सारा इतिहास बदलला आहे. ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणांपुरती उरली आहे. लेखकाने बदल केला तो एका गोळीच्या मार्गात, तोही काही अंगुळांचा.

मराठी माणसाच्या मनात पानिपतची सल किती खोल आहे, हे सांगायला नको. या सलेला कुरवाळणारी कथा लिहिणे सोपे होते. विजयाच्या पताका, अटकेपार पुन्हा झेंडे, दिल्लीच्या तख्तावर पेशवे, आणि वाचकांच्या टाळ्या! नारळीकरांनी तसे केले नाही. त्यांच्या त्या दुसऱ्या भारतात पेशव्यांची सत्ताही कालांतराने मागे पडून लोकशाही आली आहे. आणि आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून गंगाधरपंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात, तेव्हा तेथील श्रोते खवळतात; कारण अध्यक्ष आणि त्यांची लांबलचक भाषणे या प्रथेला ते लोक केव्हाच कंटाळलेले असतात. टोमॅटो आणि अंड्यांचा मारा होतो. पराभवाचे शल्य घेऊन गेलेल्या इतिहासकाराला विजयी मराठी जगात बसायला खुर्ची मिळत नाही, हा विनोद साधा नाही. मागे परतल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटलेले पान निघते, ज्यावर त्या दुसऱ्या जगाची हकिकत छापलेली आहे. त्या पानामुळे सारे स्वप्न होते असे म्हणण्याची सोय वाचकाला उरत नाही.

याच कथेत मराठी विज्ञानकथेचा एक जुना दोषही दिसतो. अखेरीस राजेंद्र देशपांडे हा मित्र गंगाधरपंतांना पुंजवादाच्या आधारे घडल्या प्रकाराचे स्पष्टीकरण देतो, आणि तेवढा वेळ कथा थांबून वर्ग सुरू होतो. फाटलेले पान आधी येऊन गेल्यामुळे येथे हा वर्ग सुसह्य होतो. परंतु मराठीतील पुष्कळ विज्ञानकथांत एक सर्वज्ञ शास्त्रज्ञ आणि त्याला सोयीचे प्रश्न विचारणारा एक अज्ञ मित्र, अशी जोडी इतक्या वेळा भेटते की, प्रयोगशाळेचे दार उघडताच वाचक दोन पाने उलटून पुढे जातो. स्त्रीपात्रे तर बहुधा चहा आणण्यापुरती. सामान्य वाचकाला विज्ञानाजवळ आणणे हे विज्ञानकथेचे एक कार्य आहे, ही भूमिका नारळीकरांनी वेळोवेळी मांडली. तिच्यामागील तळमळीविषयी आदरच वाटतो. तरी ती पूर्णतः मान्य करणे कठीण आहे. माहिती देणे हेच कथेचे प्रयोजन ठरले, तर माहिती जुनी होताच कथाही जुनी होते. ‘पानिपत’ जुनी झाली नाही, ती तिच्यातील पुंजवादामुळे नव्हे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या चांगल्या कथाही वाचकाच्या स्मरणात राहतात त्या माणसांमुळे.

भाषेचा प्रश्न मात्र या मंडळींनी समाधानकारक रीतीने सोडवला. ले ग्विन यांनी १९७३ सालच्या एका निबंधात अद्भुत कथेची भाषा हा केवळ तिचा पोशाख नसून ते जग भाषेतूनच उभे राहते, असे म्हटले आहे. मराठीत तर प्रत्येक नव्या कल्पनेसाठी शब्दही घडवावे लागत होते. कृष्णविवर, यंत्रमानव, अवकाशयान, परग्रह हे शब्द आज वृत्तपत्रांतही सहज वापरले जातात. ते रुळण्यात विज्ञानलेखक आणि विज्ञानकथाकार यांचा वाटा मोठा आहे. परिभाषा समित्यांनी तयार केलेले कित्येक शब्द कोशांतच राहिले; कथेत आलेले शब्द लोकांच्या तोंडी गेले.

अद्भुत साहित्यावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप याहून वेगळा आहे. ज्या समाजात अंधश्रद्धा आधीच बळावलेल्या आहेत, तेथे चमत्काराच्या कथा कशाला हव्यात, असे काही विचारी माणसे विचारतात. आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. बुवा चमत्कार करतो तेव्हा तो तो खरा म्हणून विकतो आणि प्रश्न विचारण्यास मनाई करतो. कथाकार आपली कल्पना कल्पना म्हणूनच पुढे ठेवतो, आणि तिचे पुढचे परिणाम बरोबर काढले आहेत की नाही हे तपासण्यासाठी वाचकाला आमंत्रण देतो. मेणाच्या घराविषयी हरकत घेणारे मूल हेच करत असते. अशा कथा वाचून ज्याला तपासण्याची सवय लागली, त्याला गंडवणे बुवाला अवघड जाते. पुराणातील पुष्पक विमानाचा कथा म्हणून आनंद घ्यावा. ते खरोखर उडत होते असा दावा कोणी केला, तर त्याचे इंधन कोणते आणि ते कोणत्या कारखान्यात तयार झाले, हे विचारण्याची हिंमत असावी.

नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत हा संघर्ष थेट येतो. रात्री दुर्बीण लावून बसणाऱ्या एका साध्या हौशी निरीक्षकाला, दत्तदांना, नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने दिसून येते आणि जगातील शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येऊन त्याला वाटेवरून ढकलण्याची योजना आखतात. इकडे दत्तदांच्या स्वतःच्या घरी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ मांडला जातो. संकट टळते, आणि घरच्या मंडळींच्या मते ते यज्ञामुळे टळलेले असते. लेखकाने येथे कोणालाही खलपुरुष केलेले नाही. यज्ञ करणारी पत्नी प्रेमळ आहे, तिची काळजी खरी आहे. म्हणूनच दत्तदांचा एकटेपणा वाचकाला अधिक जाणवतो. ज्या घरात अशा प्रश्नावर मतभेद झाले आहेत, त्या घरातील माणसाला ही कथा उपदेशाच्या दहा पुस्तकांपेक्षा जवळची वाटेल.

कथेत मांडलेला हा प्रश्न नारळीकरांनी पुढे प्रयोगानेही तपासला. २००८ साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. कुशाग्र बुद्धीची मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले, अशा दोन गटांच्या जन्मपत्रिका एकत्र मिसळून ज्योतिष्यांना देण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी निम्म्याच्या आसपास बरोबर आली असती. परग्रहावरील यक्षांविषयी कथा लिहिणारा आणि पत्रिकांची अशी मोजदाद करणारा माणूस एकच होता, याचे ज्यांना नवल वाटते, त्यांनी या दोन्ही कामांतील रीत ताडून पाहावी. दोन्हीकडे आधी एक गोष्ट क्षणभर खरी मानली आहे, आणि मग ती खरी असेल तर पुढे काय दिसले पाहिजे, हे शोधले आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. विज्ञानकथाकाराला हा मान प्रथमच मिळत होता. टोपणनावाने पाठवलेल्या त्या कथेला तोवर ४७ वर्षे लोटली होती. आपल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी विज्ञानकथेचाच विचार मांडला. अध्यक्षांच्या भाषणांना कंटाळलेल्या श्रोत्यांची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाला त्या वेळी गंगाधरपंतांची आठवण झाली असेल काय, असा खट्याळ प्रश्न त्यांच्या वाचकांच्या मनात डोकावल्यावाचून राहिला नसेल. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली ती गोळी मात्र अजूनही दोन्ही वाटांनी धावते आहे; एका भारतात ती लागते, दुसऱ्यात चुकते, आणि अकरावीच्या वर्गात बसलेला तमिळ किंवा मणिपुरी मुलगा शिक्षकांना विचारतो की, मग आमच्या गावाचे काय झाले असते?